सुतकातला अप्पम

माझ्या भावाने आपली पोर मेल्याचं जाहीर केलं ते चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून. रविवारची मिस्सा नुकतीच संपली होती, लोक आपापल्या चपला शोधत होते, आणि हा पोत्तच्चन, साठी उलटलेला घोडा, दोन्ही हात वर करून ओरडला, "ऐका हो सगळे! माझी ट्रीसा आजपासून मेली. तिचं नाव कुणी माझ्यापुढे काढायचं नाही!" पोर त्या वेळी कोट्टयमच्या इस्पितळात कुणाच्या तरी दंडात सुई टोचत असेल. चांगली धडधाकट.

तिचा गुन्हा काय, तर लग्न केलं. तेही पळून जाऊन नाही, चर्चमध्ये, फादरसमोर, तीन रविवार नाव पुकारून. मुलगा कॅथलिक, सरकारी शाळेत मास्तर, दारूचा थेंब नाही. पण त्याच्या आजोबाने बाप्तिस्मा घेतला तो आमच्या आजोबांच्या शेतात चिखल तुडवता तुडवता. जातीचा पुलया, आमच्या लेखी शिवायलाही नको असा. आणि आम्ही म्हणे साक्षात संत थॉमसाने ज्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं त्यांचे वंशज! त्याला दोन हजार वर्षं होत आली, पण माझा भाऊ सांगतो असं, की वाटावं हा तेव्हा तिथे टॉवेल धरून उभा होता.

तो नको म्हणाला आणि तिने ऐकलं नाही, एवढीच काय ती गोष्ट. पण "ऐकलं नाही" हा शब्द पोत्तच्चनला ठाऊक आहे तसा कुणालाच नाही. तीस वर्षं दर रविवारी तो पोराटोरांना धर्मशिक्षण देतोय. "आदामाने काय खून केला होता का रे? फळ खाल्लं! पण खाऊ नको म्हणून सांगितलं होतं ना? झालं तर मग! न ऐकणं हेच पाप, बाकी सगळी त्याची पिल्लं." एखाद्या आगाऊ पोरीने विचारलं, "मग देवाची कृपा, सर?" की हा बोट वर करायचा. "कृपा नंतर! आधी आज्ञा पाळ, मग कृपा." जणू कृपा म्हणजे रेशनचं रॉकेल, कार्ड दाखवल्याशिवाय मापात पडायचंच नाही. ट्रीसा याच वर्गात पहिल्या बाकावर बसून मोठी झाली.

पायऱ्यांवरची ती घोषणा करून तो घरी आला आणि तिचा नर्सिंगच्या टोपीतला फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला, आमच्या आईबापांच्या फोटोंच्या रांगेत. खाली लाल बल्ब. लोकांनी तरी काय करावं? चर्चचा विश्वस्त, गावातला सगळ्यात मोठा रबराचा मळा, लाकडाची वखार. लोक समाचाराला आले. व्हरांड्यात बसले, मान हलवली, कॉफी ढोसली, केळ्याचे काप खाल्ले. एकाने तर, मेल्याला लाज नाही, "फार त्रास नाही ना झाला तिला?" असंही विचारलं.

आणि मी? मी त्याची थोरली बहीण, कुंजन्नम्मा. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी दिराने घराबाहेर काढलं, तेव्हापासून अकरा वर्षं याच्या मागच्या खोलीत राहते. त्याचा भात खाते, म्हणून मनात लाख बोलले तरी तोंड शिवून असते. त्या दिवशी त्या फोटोखाली बसून मीसुद्धा मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. माझ्या हातांवर वाढलेली पोर, आणि तिच्या नावाने "चिरशांती दे" म्हटलं. कुणाला हसणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खरी होरपळ झाली ती तिच्या आईची. एलियाम्मा म्हणजे माझी वहिनी. एकतीस वर्षांच्या संसारात या बाईचा एकच शब्द आम्ही ऐकला, "बरं." मीठ कमी आहे, बरं. तुझ्या माहेरी जायचं नाही, बरं. तुझी मुलगी मेली. तेव्हाही म्हणाली, "बरं," आणि कॉफीचं आधण ठेवायला आत गेली. तेव्हा मला तिचाही संताप आला होता. म्हटलं, ही बाई आहे की पायपुसणं?

मग ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दूधवालीने बातमी आणली की ट्रीसाला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात आई जाऊन घेऊन येते, ही आमच्याकडची रीत. त्या रात्री जेवताना एलियाम्मा ताटाकडे बघत म्हणाली, "अहो, सातवा लागला. आणायला हवी."

"कुणाला?"

"ट्रीसाला."

पोत्तच्चनने घास चावून संपवला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मेलेली बाई बाळंत होत नाही."

देवा रे! मी त्याच्या लहानपणी त्याचं नाक पुसलंय. तेव्हाच दाबलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला. एलियाम्मा या वेळी "बरं" म्हणाली नाही. खरकटं गोळा करून आत गेली. दुसऱ्या दिवशी मला, थोरल्या नणंदेला, म्हणाली, "चेच्ची, माझ्यासोबत फादरांकडे चला."

आमचे फादर पोरसवदा. मोटरसायकल जोरात चालवतात, बोलतात मात्र हळू. ट्रीसाच्या लग्नाचा कागद त्यांनीच दिला होता, आणि तेव्हापासून पोत्तच्चन दिसला की त्यांना घाम फुटायचा. चर्चचं छप्पर उघडून ठेवलेलं, आणि त्यावर घालायचं लाकूड यायचं होतं पोत्तच्चनच्या वखारीतून, फुकट.

एलियाम्माने चर्चच्या बाकावर बसायच्या आधीच विचारलं, "फादर, माझी पोर पापात आहे का?"

"छे हो! विवाहसंस्कार झालाय तिचा. मिस्सेला जाते, कम्युनियन घेते. कसलं पाप?"

"मग तिने मोडलं काय?"

"वडिलांचा शब्द," फादर म्हणाले.

"तो देवाचा शब्द आहे का?"

फादरांनी वर बघितलं. वर छप्पर नव्हतं, नुसतं आभाळ. "आईबापांचा मान राखा, ही आज्ञा आहेच. पण बापाने देवाच्या विरुद्ध काही सांगितलं, तर ते ऐकायचं बंधन नाही."

"आणि कृपा? ते म्हणतात आधी आज्ञा पाळा, मग कृपा."

इथे मात्र त्या पोराचा चेहरा उजळला. हे त्याला मनापासून ठाऊक होतं. "उलटं आहे, एलियाम्मा. कृपा आधी. आपण काही करण्याच्या, मागण्याच्याही आधी. कमावता येत असती तर तिला मजुरी म्हटलं असतं. माणूस देवाचं ऐकतो तो मिळालेल्याच्या आनंदात, मिळावं म्हणून नाही."

"हे त्यांना सांगाल?"

फादर घसा खाकरून म्हणाले, "सांगेन की. जरा छपराचं लाकूड उतरू द्या."

मी तिथेच हसले, मोठ्याने. चुकलंच ते, पण काय करू? घरी येताना रबराच्या झाडांमधून चालत होतो तेव्हा एलियाम्मा एकदाच बोलली. "चेच्ची, त्यांचा शब्द मी आजवर नीट पाळलाच नाही. आता पाळणार. अक्षरन् अक्षर." मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

मग पवित्र गुरुवार आला. सकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्या बारांत पोत्तच्चन कायमचा. आणि आमचा हा नम्र शिष्य आदल्या दिवशी दीड तास विहिरीवर बसून टाचा घासतो, साबण लावतो, नखं कापतो. फादरांना धुवायला काही उरतच नाही! पण त्याचा खरा मान संध्याकाळी. त्या दिवशी घरोघर बिनखमिराचा अप्पम वाफवतात, झावळीच्या पात्याचा क्रूस त्याच्यावर ठेवतात, सोबत गूळ घालून नारळाचं दूध. घरच्या कर्त्याने प्रार्थना म्हणायची, अप्पम मोडायचा आणि वयाच्या मानाने एकेकाला द्यायचा. घेणाऱ्याने दोन्ही हात पुढे करून घ्यायचा. आमच्या कुळात हा मान पोत्तच्चनचा. धाकटे भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, अठरा माणसं त्याच्यापुढे ओंजळ धरून येतात. वर्षातून त्या एका संध्याकाळी तो खरोखरच सुखी दिसतो.

दुपारी तो पाय चमकवत स्वयंपाकघराच्या दारात आला. "तांदूळ वाटून झाले का?"

"भिजवलेच नाहीत," एलियाम्मा म्हणाली. ती निवांत शेवग्याचा पाला निवडत होती.

"म्हणजे?"

"घरात मयत झालंय ना. वर्ष कुठे झालंय अजून? मयताच्या घरी अप्पम करत नाहीत."

ही आमची रीत आहे, आणि ती पक्की आहे. वर्षाच्या आत ज्या घरातून प्रेत निघालं, त्या घरी त्या गुरुवारी चूल त्या कामाला पेटत नाही. शेजारपाजारचे, नातेवाईक आणून देतात ते खायचं. पोत्तच्चननेच दोन वर्षांपूर्वी एका गरीब विधवेला भर चर्चमध्ये झापलं होतं, नवरा जाऊन अकरा महिने झाले असताना तिने पोरांच्या हट्टापायी अप्पम केला म्हणून.

"काय खुळेपणा आहे हा?"

"खुळेपणा कसला? तुम्हीच सांगितलं, ट्रीसा मेली. सगळ्या गावाने ऐकलंय. मी तुमचा शब्द मोडू?" तिने वर बघितलंसुद्धा नाही. "नाही तर म्हणा, पोर जिवंत आहे. आत्ता तांदूळ भिजत घालते, आणि कुणाला तरी तिला आणायला पाठवते. संध्याकाळपर्यंत दोन्ही होईल."

मी दाराआड उभी. म्हटलं, म्हण रे बाबा, एक शब्द म्हण. मान लाल झाली त्याची, टाळू लाल झाली. सुंभ जळेल पण पीळ जाईल? म्हणाला, "रीत म्हणजे रीत. शेजारचे आणतील." आणि पाय आपटत निघून गेला.

शेजारचे कशाला आणतील? समाचाराला येऊन कॉफी सगळ्यांनी प्यायली होती, पण मयत कुणीच धरलं नव्हतं. पोर जिवंत आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. पोत्तच्चनच्या घरी अप्पम होणारच, असं धरून जो तो आपापल्या चुलीपुढे बसला. आणि आमचे भाऊ तर हात हलवत यायचे, दरवर्षीसारखे, भुकेजून.

दिवेलागणीला सगळे चटयांवर बसले. पोत्तच्चन मधोमध, समोर रिकामं ताट. थोडा वेळ सगळे ताटाकडे बघत राहिले. मग धाकटा कोराच्चन, आमचा कोरा, थोरल्या भावाला म्हणाला, "अच्चाया, अप्पम कुठाय?"

"येतोय."

"कुठून?"

"येतोय म्हटलं ना!"

कोराच्या बायकोने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "चेच्ची, बेकरीतून पाव मागवू का?" मी म्हटलं, "मागव, वर क्रीमचा क्रूस काढून घे." पोरं चुळबुळायला लागली. पोत्तच्चनने एक प्रार्थना म्हटली, मग दुसरी, मग पहिलीच परत.

तेवढ्यात फाटक वाजलं. शोशा आत आली, ट्रीसाची सासू. मोठ्या घरच्या बायकांच्या नावाला लोक अम्मा लावतात, आमच्याही नावाला लागतं, हिला कधी कुणी लावलं नाही. चाळीस वर्षं आमच्या भातात वाकून लावणी केली तिने, आणि जेवली ती मागच्या अंगणात, केळीच्या पानावर. हातात कापडाने झाकलेलं पातेलं. तिच्या मागे एक हात कमरेवर ठेवून, धापा टाकत, ट्रीसा. पोट एवढं पुढे आलेलं की मला वाटलं दूधवालीने महिने मोजण्यात चूक केली.

शोशा अंगणातच थांबली. "मुदलाळी," मालकाला हाक मारावी तशी ती पोत्तच्चनला म्हणाली, "मयताचं घर ना, म्हणून अप्पम आणला. सून म्हणाली दुसरं कुणी आणणार नाही. दूधही आहे. गूळ जरा कमी पडला असेल."

ही बाई भोळी की बेरकी, मला अजून कळलेलं नाही. पोत्तच्चन ट्रीसाकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून आरपार, फाटकाकडे.

"मागच्या बाजूला नेऊन ठेव," तो म्हणाला.

आणि शोशा वळलीसुद्धा! चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप विहिरीच्या बाजूला निघाले.

"शोशाम्मा," एलियाम्मा उठून उभी राहिली, "तिकडे कुठे चाललात? इकडून या. पुढून. ट्रीसा, तूही ये, पायरी बघून."

दोघी आल्या. पातेलं पोत्तच्चनच्या समोर आलं, कापड निघालं. पांढराशुभ्र अप्पम, वर झावळीचा क्रूस, कडेने जरा चिरलेला. सगळी पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. पोत्तच्चनने दोन्ही हात मांडीखाली घेतले. खरंच, हात बांधलेल्या चोरासारखे. "माझ्या हाताने हा मोडणार नाही," तो म्हणाला.

"नक्की?" एलियाम्माने विचारलं.

"नक्की."

"बरं."

तिने कोपऱ्यातल्या तांब्यातून हात धुतले, पदराला पुसले, पातेलं आपल्याकडे ओढलं, क्रूस उचलून बाजूला ठेवला आणि अप्पम मोडला.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे बाई अप्पम मोडते, नाही असं नाही. कर्ता मेला की त्याची विधवा मोडते. नवऱ्यामागे दोन वर्षं मी मोडलाय, पांढरं नेसून. नवरा समोर बसलेला असताना मोडणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कोराच्या बायकोने तर नकळत पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, अंत्ययात्रेत ओढतात तसा.

"एलिये!" पोत्तच्चन गरजला. "काय करतेस, कळतंय का तुला?"

"मयताचं घर आहे," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात." आणि पहिला तुकडा दुधात बुडवून तिने माझ्यापुढे धरला. सगळ्यात थोरली मी.

खोटं कशाला बोलू? माझे हात लगेच नाही उठले. डोक्यात आलं, खोली याची, भात याचा. अडुसष्टाव्या वर्षी कुठे जाशील, म्हातारे? भावाला मनात शिव्या घालणं सोपं, अकरा वर्षं घालतच होते. एलियाम्मा घाई करत नव्हती. शेवटी दोन्ही हात पुढे केले आणि घेतला. गूळ खरंच कमी होता. मला रडू फुटलं, भोकाड पसरल्यासारखं, पोराटोरांसमोर.

दुसरा तुकडा शोशाम्माला, कारण वयाने माझ्याखालोखाल तीच. मग कोराला. त्याने एकदा भावाकडे बघितलं, एकदा तुकड्याकडे, आणि भूक जिंकली. मग बायका, पोरं. मग ट्रीसा. ती बाकीच्यांसारखी खाली बसू शकली नाही, खांबाला टेकून उभ्यानेच तिने आईच्या हातून घेतला. माझ्या ओल्या डोळ्यांना दोघींचे चेहरे दिसत नव्हते, बरं झालं.

एक तुकडा उरला होता. तो एलियाम्माने पोत्तच्चनपुढे धरला.

"घ्या."

"तू मला देणार?" त्याचा आवाज फाटला. "त्यांच्या घरचं, तुझ्या हातून? मी मागितलं होतं?"

"नाही."

"मी काही चुकलोय असंही म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"मग?"

"मग काय? सगळ्यांना दिला, तुम्हालाही देतेय. तीस वर्षं शिकवताय आणि एवढं माहीत नाही?"

बराच वेळ तिचा हात तसाच पुढे होता. दूध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग मांडीखालून त्याचा उजवा हात बाहेर आला. एकच. दुकानदाराकडून सुटे पैसे घ्यावेत तसा पुढे झाला. मला खरं तर हसायला हवं होतं. इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघत होते मी. हसू आलं नाही.

तुकडा त्याच्या हातात गेला. तो तोंडात घालतो की फेकतो, हे बघायला आम्ही सगळे, पोरंसुद्धा, डोळे फाडून बसलो होतो. एलियाम्मा मात्र बघत नव्हती. तिने त्याच्याकडे पाठ केली होती आणि ट्रीसाच्या पोटावर हात ठेवून विचारत होती, "हलतंय ना नीट? रात्री झोप लागते का? चल, आत आडवी हो आधी."